महाधमनीतली फट: शवविच्छेदनापासून सीटी स्कॅनपर्यंत

२५ ऑक्टोबर १७६०. लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात सकाळचं चॉकलेट पिऊन शौचाला गेलेले राजे दुसरे जॉर्ज धाडकन कोसळले आणि गतप्राण झाले. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन केलं. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साकळलं होतं. महाधमनीला आतून दीडेक इंचाची आडवी फट होती आणि तिच्यातून रक्त भिंतीच्या थरांत शिरलं होतं. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं हा आजार बहुधा असाच, माणूस गेल्यावर कळत राहिला.

१९५० च्या दशकात ह्यूस्टनला मायकेल डिबेकी आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेची वाट दाखवली. इलाज सापडला, पण निदान वेळेत होईना. छातीचा एक्स-रे काही रुग्णांत चक्क नॉर्मल येतो. खात्री हवी तर मांडीतल्या धमनीतून नळी थेट महाधमनीपर्यंत न्यावी लागे, तीही आधीच उसवलेल्या भिंतीतून. हृदयालगतचा भाग फाटलेला असेल, तर जाणारा प्रत्येक तास जिवावरचा.

१९७१ मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. एकेका छेदाला काही मिनिटं लागणाऱ्या त्या यंत्राला धडधडतं हृदय आणि हलती छाती कुठली पेलायला! १९८९ च्या सुमारास स्पायरल सीटी आलं, १९९८ पासून मल्टिस्लाइस, आणि एका श्वासात छातीपासून जांघेपर्यंत सगळी महाधमनी टिपता येऊ लागली. ठोक्यांमुळे मुळाशी उमटणारी फसवी दुहेरी रेषा ईसीजीशी मेळ घातल्यावर जवळपास नाहीशी झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ४६४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत पहिली तपासणी म्हणून सर्वाधिक वापर सीटीचाच होता.

पडद्यावर दिसतं ते इतकंच: हाताच्या शिरेतून दिलेल्या आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टनं पांढरं झालेलं, रुपयासारखं गोल वर्तुळ आणि त्याला छेदणारी बारीक काळसर रेषा. ती रेषा म्हणजे भिंतीपासून सुटलेला आतला पापुद्रा. एका बाजूला रक्ताची खरी वाट, बहुधा दबून अरुंद झालेली. दुसरीकडे खोटी, फुगलेली. रेषा हृदयालगतच्या चढत्या भागात असेल तर रुग्णाला तातडीनं थिएटरमध्ये न्यायचं; फक्त उतरत्या भागात असेल, तर गुंतागुंत नसताना बहुधा औषधांनी रक्तदाब आणि ठोके आवरायचे.

३१ डिसेंबर २००५ ला ९७ वर्षांच्या डिबेकींच्याच छातीत असह्य कळ उठली. आपली महाधमनी फाटली असावी, हे त्यांनी आधी स्वतः ओळखलं. स्कॅननं शिक्कामोर्तब नंतर केलं. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली आणि ते जुलै २००८ पर्यंत जगले.

यंत्र रेषा दाखवतं, पण रुग्णाला यंत्रापर्यंत शंका नेते. हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करायची औषधं दिली गेली, तर इथे तीच घात करू शकतात. म्हणून कॅज्युअल्टीत छाती धरून आलेल्या माणसाला विचारायलाच हवं: कळ हळूहळू वाढली, की पहिल्याच क्षणी पराकोटीची होती? पाठीत गेली का? दोन्ही हातांची नाडी सारखी लागते का, हेही तिथल्या तिथे बघता येतं. निकोल्सना जी फट राजाच्या मृत्यूनंतर दिसली, ती आज रुग्ण बोलत असताना दिसू शकते.