पुणतांब्याचा रुंबा

नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात १९१८ मध्ये जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर चाली बांधायचे ‘सी. रामचंद्र’ या नावानं आणि गायचे ‘चितळकर’ म्हणून. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे ते शास्त्रीय गाणं शिकले. ‘नागानंद’ चित्रपटात नायकही झाले, पण नशीब उघडलं ते संगीतातच.

‘समाधी’तल्या (१९५०) त्यांच्या ‘गोरे गोरे’ या गाण्याची वंशावळ तर भलतीच मजेदार. ते बेतलं होतं ‘चिको चिको’वर, म्हणजे ब्राझीलमध्ये वाढलेल्या कार्मेन मिरांडा यांनी ‘डॉल फेस’ (१९४५) या हॉलिवूडपटात गायलेल्या गाण्यावर. लॅटिन अमेरिका आपल्याकडे आली तीही अशी वळसा घालून!

पुढच्याच वर्षी मित्र भगवानदादांच्या ‘अलबेला’नं धमाल उडवली. ‘शोला जो भडके’त लता मंगेशकर आणि स्वतः चितळकर गायले. गोव्याच्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या बँडसह थेट पडद्यावर दिसले. हिंदी चित्रपटसंगीतातल्या अशा गोवेकर वादकांची नावं श्रेयनामावलीत क्वचितच यायची, म्हणून हे दर्शन मोलाचं. त्याच चित्रपटातली ‘धीरे से आजा’ ही अंगाई मात्र पिलू रागातली.

दोन वर्षांनी ‘अनारकली’त त्यांनी भीमपलास राग वापरला. १९५७ मध्ये ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ रॉक अँड रोलच्या अंगानं गेलं.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायलेल्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चालही त्यांचीच. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचं आत्मचरित्र. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.