गाडी टायर का खाते?

माझा आणि मोटारगाडीचा संबंध तसा जामीन राहण्यापुरता. मला गाडी चालवता येत नाही. बी.ए.ला मराठी घेतलं होतं. त्यात इंजिन कुठं आलं नाही. पण माझ्या भाच्यानं कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली, तेव्हा कागदावर जामीनदार म्हणून माझी सही झाली आणि मागच्या फाळक्यावर माझ्याच दोन ओळी रंगवल्या गेल्या. त्या दिवसापासून गाडीचा खर्च हा आमच्या घरातला रोजचा विषय झाला. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते त्या पिकअपच्या पुढच्या दोन टायरांविषयी. विषय लहान वाटेल, पण त्यात एका माणसाची मजुरी अडकली होती.

भाचा मिरजेच्या आसपासच्या गावांतून भाजी उचलतो आणि कोल्हापूरच्या बाजारात पोचवतो. आमच्याकडची नदीकाठची जमीन काळी. पावसाळ्यात पाणंदीत गाडी शिरली की चाकं रुततात आणि गाडीचं पोट मातीला टेकतं. मग ट्रॅक्टर बोलवा, तोवर कोथिंबीर सुकवा. कुणीतरी त्याला सुचवलं, “गाडी उचलून घे.” म्हणजे गाडीची जमिनीपासूनची उंची वाढवून घे. अमेरिकेत पिकअप अशी उंच करणं ही मोठी हौस आहे. आमच्याकडे ती गरज म्हणून आली.

हे काम अर्ध्या दिवसात झालं. या गाडीच्या पुढच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे. टॉर्शन बार म्हणजे एक लांब पोलादी गज. आपण ओला टॉवेल पिळतो तसा तो पिळला जातो, आणि पीळ सोडवण्याच्या त्याच्या ओढीवर गाडीचं वजन तोललं जातं. त्याच्या टोकाला एक बोल्ट असतो. बोल्ट आवळला की पीळ वाढतो आणि गाडीचं नाक वर उठतं. मागे एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळे बसवले. गाडी दोन इंच वर आली. त्याच वेळी पुढे दोन नवे कोरे टायरही घातले. भाचा खूश, मीही खूश.

चार महिन्यांत गाडी आठ हजार किलोमीटर चालली आणि एका सकाळी पंक्चर काढणाऱ्यानं दोन्ही टायरांची आतली कड दाखवली. तिथं रबर संपून तार दिसत होती. बाहेरच्या बाजूनं पाहिलं तर टायर अजून चांगला वाटे. आतली कड खाली वाकल्याशिवाय दिसत नाही आणि वाकून कुणी पाहिलं नव्हतं.

मग दोषी शोधणं सुरू झालं. टायर खराब निघाले म्हणावं, तर त्याच प्रकारचे टायर दुसऱ्या गाडीवर ठीक होते. रस्ते खराब म्हणावं, तर ते सगळ्यांनाच खराब. उरला ड्रायव्हर. बावीस वर्षांचा मुलगा, शेजारच्या गावचा. “खड्ड्यात गाडी आदळतो, वळणावर फेकतो,” असं ठरलं आणि टायरांची निम्मी किंमत त्याच्या पगारातून दोन हप्त्यांत कापायचं ठरलं. भाच्यानं मला विचारलं, “मामू, बरोबर आहे ना?” मी म्हणालो, “कोवळं पोर आहे, शिकेल.” मला गाडीतलं काही कळत नव्हतं, तरी मी निकाल देऊन मोकळा झालो. दुसरा हप्ता कापल्यावर तो मुलगा काम सोडून गेला.

त्यानंतर गाडी एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. मी सोबत होतो. भाचा जुने टायर काढून टाकायला निघाला तेव्हा मिस्त्री म्हणाले, “थांबा. टायर टाकून दिलात तर मी बघू काय?” त्यांनी दोन्ही टायर खाली ठेवले, खडूनं डावा-उजवा लिहिलं, पुढची दिशा बाणानं दाखवली आणि तळहात फिरवायला लागले. पुढचा तासभर मी जे ऐकलं ते आपल्याला सांगतो.

चप्पल शिवणाऱ्याकडे आपण झिजलेली चप्पल देतो, तेव्हा तो तळ पाहूनच सांगतो की तुम्ही पाय बाहेर टाकता की टाच घासता. टायरचंही तसंच आहे. झीज कुठं आहे आणि कशी आहे, या दोन गोष्टींवरून कारण बरंचसं कळतं.

टायर फक्त मधोमध झिजला असेल, तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा झिजून मधला भाग शाबूत असेल, तर हवा कमी आहे किंवा माल जास्त आहे. एकच कड झिजली असेल, तर चाकाचा कोन बिघडला आहे. आणि थोड्या थोड्या अंतरावर वाट्यांसारखे खळगे पडले असतील, तर चाक रस्त्यावर उड्या मारतं आहे. म्हणजे शॉकअप गेला आहे, चाकाचं बॅलन्सिंग नाही किंवा कुठला तरी सांधा ढिला आहे.

आमच्या टायरांची एकच कड गेली होती, आतली. म्हणजे कोन बिघडला होता. पण कोन दोन प्रकारचे. चाक समोरून पाहिलं तर ते उभं सरळ आहे, की वरून आत किंवा बाहेर कललेलं आहे, याला कॅम्बर म्हणतात. आणि वरून पाहिलं तर चाकांची तोंडं सरळ पुढं आहेत, की एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर वळलेली आहेत, याला टो म्हणतात. माणूस पावलं फेंगडी टाकतो ना, तसा टो. कॅम्बर जास्त बिघडला तरी एक कड झिजते, टो बिघडला तरी एक कड झिजते. मग ओळखायचं कसं?

तळहातानं. कॅम्बरची झीज गुळगुळीत असते, उतार पडल्यासारखी. टोची झीज करवतीसारखी असते, कारण चाक पुढं जाताना थोडं आडवंही घासत असतं. टायरच्या नक्षीतल्या प्रत्येक पट्टीची एक धार गोल होते आणि दुसरी टोकदार राहते. हात एका दिशेनं फिरवला तर मऊ लागतं, उलट फिरवला तर बोटांना बोचतं. मिस्त्रींनी माझा हात धरून फिरवला. आतून बाहेर नेला, मऊ. बाहेरून आत आणला, बोचला. “म्हणजे चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला आहेत,” ते म्हणाले. तोंडं आतल्या बाजूला असती तर उलट झालं असतं: बाहेरची कड गेली असती आणि आतून बाहेर नेताना हात बोचला असता. फक्त एक काळजी घ्यायची. तार निघाली असेल तिथं हात लावायचा नाही. ती बोट कापते.

आता हे झालं कसं? गाडी उचलली म्हणजे चाक काही वर गेलं नाही, ते जमिनीवरच राहिलं. वर गेला तो गाडीचा सांगाडा. सांगाड्याला आणि चाकाला जोडणारे वरचा हात, खालचा हात आणि स्टेअरिंगचा टाय रॉड हे जे आधी जवळजवळ आडवे होते, ते आता बाहेरच्या बाजूला खाली उतरते झाले. भिंतीला टेकवलेली शिडी आठवा. शिडीची लांबी तीच राहते, पण ती जास्त उभी केली की तिचा पाय भिंतीच्या जवळ येतो. तसाच टाय रॉड तिरपा झाला की चाकाला आत ओढतो. वरचा आणि खालचा हातही ओढतात, पण या तिघांची लांबी सारखी नसते, म्हणून त्यांची ओढही सारखी नसते. आमच्या गाडीत टाय रॉड चाकाच्या मध्याच्या मागं जोडलेला आहे. त्यामुळं चाकाची मागची बाजू आत ओढली गेली आणि तोंड बाहेर गेलं. काही गाड्यांत तो पुढं असतो. तिथं उलट घडतं. म्हणून गाडी उचलली की अमुकच कड झिजणार असा सरसकट नियम नाही. पण उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, हे धरून चालायचं.

चाकांच्या या भूमितीचा विचार मोटारीहून जुना आहे. वळताना आतल्या चाकाला बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावं लागतं. ते साधण्यासाठी म्युनिकचा बग्गी बनवणारा गेओर्ग लांकेन्श्पेर्गर यानं एक जोडणी शोधली आणि तिचं पेटंट १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान यानं घेतलं. हा आकरमान व्यवसायानं पुस्तकं आणि चित्रं छापणारा प्रकाशक, पण ती रचना आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. प्रकाशकांचा माझा अनुभव पाहता मला याचं नवल वाटलं नाही.

मिस्त्रींनी मग टेप काढली. एकेक पुढचं चाक उचलून फिरवलं आणि टायरच्या मधोमध खडूची बारीक रेघ मारली. गाडी खाली ठेवून थोडी पुढं ढकलली, म्हणजे चाकं आपल्या जागी बसली. मग दोन रेघांमधलं अंतर टायरच्या पुढच्या बाजूनं मोजलं आणि तेवढ्याच उंचीवर मागच्या बाजूनं मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा सहा मिलिमीटर जास्त भरलं. मी म्हणालो, “सहाच?” ते म्हणाले, “हिशेब करा.”

मी तिथंच कागदावर केला. प्रत्येक चाकाच्या वाट्याला तीन मिलिमीटर. टायरचा व्यास साधारण सातशे मिलिमीटर. म्हणजे चाक सातशे पुढं जाताना तीन आडवं सरकतं. एका किलोमीटरला चार मीटरांहून जास्त. आठ हजार किलोमीटरांत सुमारे चौतीस किलोमीटर. मिरजेहून कोल्हापूरच्या निम्म्या वाटेपेक्षा जास्त अंतर तो टायर जणू आडवा फरफटत गेला होता. कुठला टायर टिकेल?

डाव्या टायरवर वाट्याही होत्या. त्याचं कारण निराळं निघालं. उंची वाढवली पण शॉकअप जुनेच ठेवले. ते आधीच जवळजवळ पूर्ण ताणलेले राहत होते. खड्ड्यात चाक खाली गेलं की त्यांना ताणायला जागा उरत नव्हती. शिवाय डावा शॉकअप गळत होता. मग जॅकवर चाक उचलून, खाली लाकडी ठोकळे देऊन, मिस्त्रींनी चाक हलवून पाहिलं. वर-खाली धरून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ब्रेक दाबून ठेवल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हललं तर बहुधा टाय रॉडचं टोक. आमचा डावा बॉल जॉइंट ढिला होता.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ढिले सांधे आणि शॉकअप बदलायचे. मग दोन्ही बाजूंची उंची मोजून सारखी करायची. आणि शेवटी व्हील अलाइनमेंट. अनेकजण फक्त अलाइनमेंट करून येतात; सांधा ढिला असेल तर ते आकडे गॅरेजच्या दारापर्यंतसुद्धा टिकत नाहीत. नवे टायर तर सगळ्यात शेवटी. झिजलेले टायर पुढून मागे टाकून वेळ मारून नेणं म्हणजे दुखणं झाकणं; भाच्यानं एकदा तेही करून पाहिलं होतं. आणि तार दिसणारा टायर कुठल्याच चाकावर घालायचा नाही. नक्षीच्या खाचांत तळाशी लहान उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की त्याची मुदत संपली.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट कानावर घातली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवून दिलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. उंच गाडीचा तोल वळणावर लवकर जातो, हेही खरंच. भाच्यानं ठोकळे काढले, बोल्ट सैल करून गाडी मूळ उंचीवर आणली, बॉल जॉइंट आणि शॉकअप बदलले, अलाइनमेंट केलं. पाणंदीत आता तो पाऊस पाहून गाडी घालतो. नाही तर भाजी डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाडीनं येते. नवे टायर घातल्यापासून दर महिन्याला तो दोन्ही कडांवर हात फिरवतो. परवापर्यंत तरी हात बोचलेला नाही.

राहिला तो मुलगा. आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो. तो आता दुसऱ्याच्या टेम्पोवर आहे. भाच्यानं कापलेले पैसे त्याच्या हातात दिले. मी म्हणालो, “बाळ, चूक आमची होती. गाडीची तोंडं बाहेर होती.” त्यानं पैसे मोजले, खिशात ठेवले आणि म्हणाला, “मामू, मी तेव्हाच शेठना सांगत होतो. स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी भटकते, सारखी सावरावी लागते.”

त्यानं सांगितलं होतं, हे खरं. भाच्यानं मलाही ते सांगितलं होतं, आणि आम्ही दोघांनी त्याला बहाणा म्हटलं होतं. चाकांची तोंडं बाहेर असली की गाडी अशीच भटकते, हे मिस्त्रींनी नंतर सांगितलं. आमच्या गाडीचं निम्मं निदान त्या मुलानं चार महिने आधीच केलं होतं. तेव्हा आपल्या गाडीनं टायर खाल्ला तर त्यावर जरूर हात फिरवून पाहा. पण त्याआधी, ती गाडी रोज चालवणारा काय सांगतो आहे ते ऐका.