साइड बीवरचं पत्र

आमच्या पूर्णातल्या जुन्या घराच्या माळ्यावर यंदा एक कॅसेट सापडली. ए बाजूवर बॉलपेनने लिहिलेलं, ‘टासवर्ड’. बी बाजूवर फक्त ‘दादा’. दादा म्हणजे माझे आजोबा. मला वाटलं, त्यांचा आवाज असेल. टेपरेकॉर्डरवर लावली तर नुसती कर्कश किर्रर्र! काका हसायला लागला, ‘‘आरं, ती ऐकायची नाय, वाचायची हाय.’’

तर गोष्ट अशी. 1988 मध्ये काका पुण्यात डिप्लोमा करत होता. चौघा मित्रांनी वर्गणी काढून ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ घेतला होता. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या ब्रिटिश ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ची ही भारतीय आवृत्ती, ‘डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स’ने परवाना घेऊन काढलेली. मॉनिटर नाही, घरचा टीव्हीच जोडायचा. मेमरी 48 केबी, म्हणजे आज तुमच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. हार्ड डिस्क वगैरे नाहीच. लाइट गेली की सगळं साफ! म्हणून लिहिलेलं कॅसेटवर उतरवून ठेवायचं, आवाजाच्या रूपात.

‘टासवर्ड’ हा त्यावरचा लिहायचा प्रोग्रॅम. स्पेक्ट्रमच्या एका ओळीत एरवी 32 अक्षरं बसतात, हा पठ्ठ्या 64 बसवायचा. त्यासाठी प्रत्येक अक्षर फक्त चार ठिपके रुंद. डोळे फुटायचे, काका म्हणतो. पण ओळ भरली की शब्द आपोआप खाली जायचा, चुकलं तर पुसता यायचं. टाइपरायटरवर खाडाखोड करणाऱ्यांसाठी ही केवढी चैन!

मराठीचं काय? या मशीनवर 21 अक्षरं आपली आपण काढता येत, आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. काकाने ‘क’, ‘म’ जमवले. वेलांटी-उकार आले आणि चौकट संपली, पाठोपाठ 21 जागाही संपल्या. मग त्याने रोमनमध्येच मराठी लिहिलं. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो तसंच की!

आता ते पत्र उघडायचं होतं. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला लावली, आवाज रेकॉर्ड केला, त्याची टेप-फाइल करून इम्युलेटरमध्ये टाकली. स्क्रीनच्या कडेला लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, आणि... ‘टेप लोडिंग एरर’. दोनदा तेच. काकाने बारीक स्क्रूड्रायव्हर मागितला, हेडच्या बाजूचा स्क्रू किंचित फिरवला. आवाज एकदम खणखणीत! तिसऱ्या खेपेला पत्र आलं. साऱ्या पत्राचा आवाज जेमतेम वीसेक सेकंदांचा.

लावणी उरकली का, खाडीचं पाणी बांधावरून आत आलं का, गाय कशी आहे. (ज्या शेताची चौकशी आहे तिथे आज गोदाम आहे, कंटेनर उभे असतात.) उजवी कड सरळ यावी म्हणून प्रोग्रॅमने शब्दांमध्ये कुठे एक, कुठे तीन जागा सोडलेल्या. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत, ‘दोन विषय राहिले, मला घरी यायचं आहे.’

मी काकाकडे पाहिलं. प्रिंटर नव्हताच. त्यामुळे टीव्हीवर बघून त्याने हे पत्र हाताने इनलँडवर उतरवलं आणि टाकलं होतं. ‘‘तेवढी ओळ उतरवली नाय,’’ तो म्हणाला. ‘‘दादा पोस्टमनकडून वाचून घ्यायचे.’’

पुढच्या वर्षी तो पास झाला, घरी कुणाला काही कळलंच नाही. आजोबा जाऊन आता वीस वर्षं झाली.

पत्र मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवलंय, दोन केबीसुद्धा भरत नाही. माळ्यावर अजून दोन कॅसेटी आहेत. एकीवर गेम आहे असं काका म्हणतो. दुसरीबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘‘ती मी एकटाच लावीन.’’