कानांत टोंचणारा नाद आणि घरांतील स्पीकर

गेल्या दिवाळींत आमच्या धाकट्या चिरंजिवांनीं दिवाणखान्यांत नवे स्पीकर आणून बसविले. किंमत ऐकून माझ्या पोटांत गोळा आला. परंतु तरुण मंडळी आवाजानें अगदीं हरखून गेली, म्हणून मीं मौन धरिलें. तें फार दिवस टिकलें नाहीं. आमच्या वडील वहिनींचें वय चौऱ्याहत्तर. अभंग ऐकल्यावांचून त्यांचा दिवस उजाडत नाहीं. त्या हळूहळू माजघरांत जाऊन बसूं लागल्या. कारण विचारतां म्हणाल्या, "भाऊजी, गाणें बंद करूं नका, मुलांची हौस आहे. मधलें दार तेवढें लोटून घ्या. 'स' आला कीं कानांत सुई गेल्यासारखें होतें."

मुलें हसलीं. आजींना एरवीं दोनदां हांक मारावी लागते, मग गाणें टोंचतें कसें? शंका वरवर बिनतोड वाटते, आणि ह्या विषयाचें मर्मही तिच्यांतच आहे.

वार्धक्यांत श्रवणशक्ति सर्व नादांच्या बाबतींत सारखी उणावत नाहीं. प्रथम जातात ते उच्च नाद, ज्यांवर व्यंजनांची स्पष्टता अवलंबून असते. परंतु अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी क्षीण झाल्या म्हणजे आणखीही एक गोष्ट घडते. हलका आवाज मुळींच ऐकूं येत नाहीं, आणि तोच थोडा वाढवितांच एकाएकीं असह्य होतो. मधल्या पायऱ्याच नाहींशा होतात. वैद्यकशास्त्रांत ह्यास 'रिक्रूटमेंट' म्हणतात. तात्पर्य, कमी ऐकणारा कान आणि हळवा कान हा एकच असूं शकतो. अर्धशिशीच्या रोग्यांना व कर्कश आवाजांत काम केलेल्या तरुणांनाही हा त्रास होतो. म्हणून स्पीकरच्या दुकानाआधीं कानाच्या डॉक्टरांची पायरी चढावी; हळवेपणा अकस्मात आला असेल किंवा कानांत गुणगुण सुरू झाली असेल, तर अवश्यच. वहिनींच्या तपासणीच्या तक्त्यावरील रेघ उजव्या बाजूस, म्हणजे उच्च नादांकडे, उतरत गेलेली आम्हांस स्पष्ट दिसली.

आतां टोंचणारा नाद तो कोणता? गवयानें तार सप्तकांत झेप घेतली कीं टोंचतें, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. काळी चार किंवा पांच ह्या पट्टींत गाणाऱ्या स्त्रीचा तार षड्जसुद्धां सेकंदास सुमारें ४१५ ते ४६६ कंपनांचा असतो. निकोप तरुण कान मात्र २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. त्यांतही २,००० ते ५,००० हा टापू त्यास विशेष तीव्रतेनें जाणवतो, कारण सुमारें अडीच सेंटिमीटर लांबीची आपली कर्णनलिका ३,००० च्या आसपास स्वतःच घुमते. एकाच शक्तीचे निरनिराळे नाद कानास सारखे मोठे वाटत नाहींत, हें फ्लेचर व मन्सन ह्या दोघां संशोधकांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें. आपल्या शिक्षाग्रंथांनीं श, ष, स, ह ह्यांस ऊष्म वर्ण म्हटलें आहे. त्यांतील तालव्य 'श' ह्या टापूंत वावरतो, तर दन्त्य 'स' चा जोर त्याच्याही वर, ५,००० ते ८,००० च्या सुमारास असतो. स्पीकरनें ह्या पट्ट्यांत एखाद्या ठिकाणीं उसळी घेतली कीं वहिनींची सुई टोंचलीच!

परंतु उच्च नाद पार छाटून टाकावे, तर शब्दच गिळले जातात. 'साद' आणि 'दाद' ह्यांतला भेद वृद्ध कानास कळेनासा होतो. तेव्हां शोध घ्यावयाचा तो उच्च नाद कमी असणाऱ्या स्पीकरचा नव्हे. ज्याचे उच्च नाद समतोल आहेत, ज्यांत उसळी नाहीं, अशा स्पीकरचा.

त्याआधीं खोली पाहावी. आमच्या दिवाणखान्यांत गुळगुळीत फरशी, एका बाजूस सगळी कांच, आणि सतरंजी म्हणाल तर माळ्यावर. टाळी वाजवून पाहिली तों मागून झणत्कार उमटला. उच्च नाद कापडांत सहज विरतात, कठीण पृष्ठभागावरून उसळून परत येतात. माळ्यावरचा जुना गालिचा खालीं आला, जाड पडदे लागले. दुसरी युक्ति त्याहून सोपी: उच्च नाद स्पीकरमधून अरुंद झोतासारखे समोर जातात, म्हणून स्पीकरांचीं तोंडें वहिनींच्या कानांवर न रोखतां किंचित बाहेर वळविलीं. निम्मा त्रास येथेंच गेला, आणि खर्च एका पैचाही नाहीं.

उरलेल्या निम्म्यासाठीं मात्र लहानशी दुसरी जोडी घेण्याचें ठरलें, आणि मीं अट घातली कीं, वहिनी दुकानांत आल्याच पाहिजेत. ज्याचा कान हळवा, त्यानेंच निवड करावी. विक्रेते तरुणांकडे पाहून बोलतात व आवाज चढवून ऐकवितात. झगझगीत नाद दहा मिनिटें मोहवितो आणि तासाभरानें डोकें उठवितो. आम्ही घरच्याइतक्याच आवाजांत, तासभर बसून ऐकलें. वहिनींनीं परीक्षेस तंबोरा घेतला. जवारीचा झंकार कांचेसारखा किणकिणला तर स्पीकर नापास, घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तरी नापास. मग पेटी, ओळखीचा स्त्रीकंठ आणि शेवटीं साध्या बातम्या.

उच्च नादाचा लहान घुमट रेशमी असावा, धातूचा नसावा, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. चांगल्या घडणीच्या धातूच्या घुमटाचा स्वतःचा कंप बहुधा २०,००० च्या पलीकडे असतो, तेव्हां नुसत्या धातूवर दोष ठेवूं नये. अॅम्प्लिफायर मात्र तोकडा नसावा. शक्तीबाहेर ताणला कीं तो लहरींचे माथे छाटतो, आणि त्यांतून मुळांत नसलेले तीक्ष्ण नाद जन्मतात. उच्च नाद कमीजास्त करण्याचें बटण असणें तर अगत्याचें. कित्येक महागड्या यंत्रांत तें नसतें, आणि हाच मोठा गुण म्हणून सांगितला जातो! दोन-तीन डेसिबल खालीं उतरविण्याची सोय म्हणजे हळव्या कानाला केवढा आधार, हें त्या कारागिरांस कोणी सांगावें?

मोठी जोडी विकावी कीं ठेवावी, हा वाद आमच्या घरांत अजून चालूं आहे. वहिनी दिवाणखान्यांत परत आल्या आहेत. भजनांत झांज सुरू झाली कीं त्या स्वतःच उठतात आणि तें बटण थोडें खालीं फिरवून येतात.