प्रदर्शन संपलं, मग सुरू झालं

पाच फुटी गुंडाळी घेऊन सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये चढून दाखवा, मग आपण बोलू!

‘‘एका काकूंनी विचारलं, फ्लेक्स आहे का गं? कोणाचा वाढदिवस?’’ ती हसत हसत सांगत होती. वाढदिवस कसला, जे. जे. अप्लाइडच्या वार्षिक प्रदर्शनात तिची भिंत होती. शेवटचं वर्ष, विषय फोटोग्राफी. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, रोज जाऊन-येऊन. एका मोठ्या प्रिंटच्या पैशात महिन्याचा पास निघतो, वर सुट्टेही उरतात.

मी गेले होते ‘हटके करिअर’ छाप काहीतरी लिहायला. हॉलमध्ये माल भरपूर होता. परफ्यूमच्या बाटल्या, पाण्याचे थेंब अंगावर घेतलेली घड्याळं, वाफाळता बर्गर. सगळं सॉल्लिड, उद्या एजन्सीत खपेल असं. आणि कोपऱ्यातल्या भिंतीवर नुसते हात. बायकांचे. बोटांची टोकं निळी.

मी जागीच थांबले. मी अंबरनाथची, हे हात मी ओळखते. उल्हासनगरच्या जीन्सचे हात! शिवून आलेल्या पॅंटींचे लोंबते दोरे कापायचे, नगावर पैसे घ्यायचे. ‘धागा कटिंग’ म्हणतात त्याला. कोऱ्या डेनिमची निळाई बोटांना लागते ती लवकर जात नाही.

टाउनवाल्यांसाठी थोडक्यात : फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणलं गेलं, १९४९मध्ये तिचं उल्हासनगर झालं. पत्ते अजूनही कॅम्प एक ते पाच असेच. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक आमच्याकडे एवढा घासलाय की त्याचाही आता रंग गेलाय.

बारा प्रिंट्स होत्या. खरं सांगू? वालधुनी नदीवरचा सूर्यास्त मला नाही आवडला. त्या नदीची अवस्था माहीत असलेल्या माणसाला तो फारच गोड वाटतो. तसं तिला म्हटलं, तर म्हणाली, ‘‘माहितेय ताई. तो ज्युरीसाठी आहे.’’

एका फ्रेममध्ये अंबरनाथचं शिवमंदिर होतं. याच वालधुनीच्या काठचं, तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०. यावरून मी तिला एक गोष्ट सांगितली. १८६८मध्ये जे. जे. कलाशाळेचंच एक पथक या देवळावर आलं होतं. शाळेचे प्रमुख तेव्हा जॉर्ज टेरी. पथकाने कोरीव कामाची रेखाटनं केली, साचे घेतले आणि फोटोही काढले. त्या काळी फोटो म्हणजे ओल्या काचेचा कारभार. काच वाळायच्या आत सगळं उरकायचं, म्हणून अंधारखोलीसुद्धा सोबत न्यायची. आपण मेमरी कार्ड विसरलो तरी बोंब मारतो!

‘‘म्हणजे दीडशे वर्षं आपण तेच करतोय,’’ ती म्हणाली. ‘‘इथले फोटो काढायचे आणि मुंबईला नेऊन दाखवायचे.’’

बायकांना तिने प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं होतं. एकीलाही जमलं नाही. येणं-जाणं, बघणं म्हणजे एक दिवस, आणि तेवढ्या नगांचे पैसे बुडाले.

पुढच्या रविवारी तिचा एसएमएस. ‘कॅम्प पाच. ये.’ गेले. चाळीच्या पॅसेजमध्ये कपडे वाळत घालायची दोरी, दोरीला चिमटे, चिमट्यांना प्रिंट्स. सूर्यास्त मात्र गायब होता. पोरं आपापल्या आयांचे हात शोधत होती. ‘ही माझी मम्मी, अंगठी बघ!’ पैज लावून ओळखत होती. जे. जे.मध्ये लोक फ्रेमपासून चार पावलं लांब उभे राहून बघत होते. इथे नाक लावून.

एक भाभी स्वतःच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या. मग वळून तिला म्हणाल्या, ‘‘सब अच्छा है. लेकिन चेहरा क्यों नहीं लिया?’’

तिच्याकडे उत्तर नव्हतं. एरवी फ्रेमिंगवर अर्धा तास बोलणारी मुलगी, गप्प. तिने बॅगेतून कॅमेरा काढला.

‘‘रुक,’’ भाभी म्हणाल्या, ‘‘पहले हाथ धो के आती हूँ.’’