अंगणातली फियाट आणि चाळीसगावचा टांगा

सोलापुरात बुधवार पेठेतल्या आमच्या अंगणात एक जुनी फियाट दीड वर्ष ठोकळ्यांवर उभी होती. येणारा-जाणारा विचारी, "काय हो, भंगाराचा धंदा काढला की काय?" आम्ही म्हणायचो, "धंदा नाही, शाळा काढलीय."

हे खूळ आमच्या पुतण्याचे. अमेरिकेतला एक माणूस घरामागच्या शेडमध्ये गंजलेली डॉज चार्जर नवी करतो, हे त्याने मोबाइलवर पाहिले. अशा दणकट इंजिनांच्या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. १९६४ साली पाँटिअॅक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत सहा लिटरहून मोठे, आठ सिलिंडरचे इंजिन घालून जीटीओ काढली. किंमत कमावत्या तरुणांना झेपेल अशी ठेवली. चार्जर १९६६ सालची. आज तशी गाडी आणायची तर आयातकर भरतानाच घर विकावे लागेल!

पण डॉज हे नाव आपल्याला परके नाही. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लायमाउथ गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पुढे याच कारखान्यातून फियाट आली. तिलाच नंतर 'पद्मिनी' नाव मिळाले. म्हणून आम्ही पुतण्याला म्हटले, "चार्जर नाही, तर तिची कुर्ल्याची बहीण घेऊ."

आमचे अण्णा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, पण हातातली कला गेली नाही. त्यांचा पहिला नियम, "आधी कागद, मग पाना." आरसी पुस्तकावरचा इंजिन नंबर व चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळला, तेव्हाच त्यांनी पैसे देऊ दिले. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आहे. मात्र ती गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

मग खोलणे सुरू झाले. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डब्यात आणि डब्यावर चिठ्ठी. हे काम आमच्या पुतणीने केले. ती आयटीआयमध्ये वायरमन शिकते. सगळे वायरिंगही तिनेच नवे ओढले. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले, रिंगा बदलल्या. इंजिन सुरू झाल्यावर अण्णा लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकत बसायचे. गंजका पत्रा कापून नवा जोडला, मग रेड ऑक्साइड, लांबी आणि रंग.

घरी असे काम करणाऱ्यांनी तीन गोष्टी विसरू नयेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. पेट्रोलच्या टाकीला, रिकामी असली तरी, घरी वेल्डिंग करू नये. आतल्या वाफेचा स्फोट होतो. आणि जुन्या ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये. तिच्यात अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी.

एप्रिल आला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत गाडी काढायचीच, असा पुतण्याचा हट्ट. अण्णांनी पेडल दाबले, तर ते थेट तळाला गेले. चाकाजवळच्या सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळत होते. पुतण्या म्हणाला, "अण्णा, मिरवणूक हळूच चालते. हँडब्रेक आहे की!"

अण्णांनी त्याला जवळ बसवले आणि चाळीसगावची हकीकत सांगितली. १९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी समितीचे सदस्य होते. धुळे मार्गावरच्या एका गावाहून परतताना ते चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. पाहुण्यांनी पायी चालावे हे आपल्या लोकांना पटेना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला टांगेवाला तयार नव्हता. मग आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडला. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

"दोष लगाम धरणाऱ्याचा नव्हता," अण्णा म्हणाले. "ज्यांनी नकार दिला त्यांचा होता. त्या माणसाला शिकायची संधी कुणी दिली होती? तुला संधी आहे. मग अर्धवट काम करून गाडी रस्त्यावर का आणायची?"

पुतण्या गप्प झाला. त्या वर्षी आम्ही मिरवणुकीत पायीच चाललो. पुढच्या पंधरवड्यात चारही चाकांचे ब्रेक नवे झाले. बुद्धपौर्णिमेला गाडी पहिल्यांदा बाहेर निघाली. मागे आई पांढरे पातळ नेसून बसली होती आणि चालवायला पुतणी होती, कारण घरात लायसन्स पहिले तिनेच काढले!

विहारात आपण मंगलसुत्त म्हणतो. त्यात विद्येबरोबर शिल्प, म्हणजे हातातले कौशल्य, हेही मंगल मानले आहे. आपल्या वस्तीत असे अण्णा अजून आहेत. त्यांचे हात थकण्याआधी मुला-मुलींना त्यांच्याजवळ बसवा. गाडी नसेल तर शिलाई मशीन खोला, पंखा खोला. पण शिका, आणि पूर्ण शिका.