डिकीतलं पाणी

इंग्लंडात कडाक्याची थंडी पडणार असली की रात्री रस्त्यांवर मीठ टाकणारे ट्रक फिरतात. रस्ता निसरडा होऊ नये म्हणून हे मीठ, पण त्याचं खारं पाणी गाडीच्या फटीफटीत शिरतं. खाऱ्या हवेने पत्र्याचं काय होतं, हे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. इथे जुनी गाडी ठेवायची तर इंजिनाआधी पत्रा बघावा, असं माझं मत.

गाडीची बॉडी एकसंध नसते. पत्रे एकमेकांवर ठेवून ठिकठिकाणी स्पॉट वेल्डिंग करतात आणि मधली फट कारखान्यातच सीम सीलंटने बुजवतात. खिडकीच्या काचेला सुतार लांबी लावायचे ना, तसंच. वर्षानुवर्षं बॉडी हलते, पिळवटते, सीलंट कडक होतं आणि चिरतं. चीर केसाएवढी असली तरी दोन पत्र्यांमध्ये पाणी आपोआप ओढलं जातं. तिथे वारा लागत नाही, त्यामुळे ते लवकर वाळतही नाही. वरून रंग शाबूत, आत गंज.

आमची गाडी २००५ सालची. यंदा डिकीत कुबट वास यायला लागला. कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खळग्यात पाणी! ते येतंय कुठून, हे शोधणं हाच खरा कार्यक्रम. आतल्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. मागची सीट आडवी करून मुलगी टॉर्च घेऊन आत बसली आणि मी बाहेरून पाइपने पाणी सोडलं, आधी खाली, मग हळूहळू वर. एकदम वरून सोडलं तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. "बाबा, थांबा, इथे ओघळ आलाय!" मागच्या दिव्याशेजारचा सांधा चिरला होता.

अशा वेळी जुन्यावरच नवं सीलंट फासायचा मोह होतो. त्याने गंज झाकला जातो, थांबत नाही. सुटलेलं सीलंट बोथट पटाशीने खरवडून काढलं, घट्ट बसलेलं राहू दिलं. हीट गनने जरा ऊब दिली की ते मऊ होतं, मात्र जाळायचं नाही, धूर वाईट असतो. मग वायर ब्रशने गंज काढून पत्रा स्वच्छ केला, सॉल्व्हंटने पुसला, पूर्ण सुकू दिला, प्राइमर मारला आणि त्यावर गाड्यांसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट लावलं. हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत, कारण त्यातलं रसायन श्वासाला चांगलं नाही. दुसऱ्या दिवशी वरून रंग.

बाथरूमचं सिलिकॉन मात्र कितीही स्वस्त असो, नको. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुटणारं आम्ल उघड्या पत्र्याला गंजवतं, आणि सिलिकॉनवर रंग धरत नाही तो नाहीच.

सीलंटची हद्दही ओळखावी लागते. इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत सीटबेल्ट, स्टीअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेले असतात, तिथून ३० सेंटिमीटरच्या आतला पत्रा गंजून फार कमकुवत झालेला आढळला, तर गाडी नापास. तिथे वेल्डिंगच हवं, आणि जुन्या गाडीला वेल्डिंगचं बिल कधी कधी तिच्या किमतीहून जास्त होतं. मुलगी पुढच्या वर्षी १७ची होईल, ड्रायव्हिंग शिकेल ती याच गाडीवर. म्हणून खालचे सगळे सांधे मी स्वतः स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिले. आवाज सगळीकडे टणक आला, कुठेही बद्द नाही.

चिपळूणहून अण्णा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे पावसाळ्याआधी खालून काळं कोटिंग मारून घेतात, झालं!" म्हटलं, "अण्णा, कोटिंग जरूर मारा, पण आधी गाडी लिफ्टवर घेऊन सांधे बघा. चिरलेल्या सांध्यावर कोटिंग बसलं तर आतलं पाणी आतच राहतं. आणि दारांच्या तळाला, उंबऱ्याखाली पाणी निचरायची बारीक भोकं असतात, ती बुजू देऊ नका." कोटिंगवाल्याला फोन करतो, म्हणाले.